अर्थशास्त्राचा आरंभ कोठून करावा

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी ह्या टापूतील जी मुले-मुली पदवीच्या पहिल्या वर्षी अर्थशास्त्र घेतात, त्यांत तो विषय मनापासून निवडणारी थोडी, आणि इतिहास, राज्यशास्त्र किंवा वाणिज्य यांच्या जोडीला तो पदरात पडला म्हणून पत्करणारी फार, ही वस्तुस्थिती प्रथमच मान्य करून टाकलेली बरी. प्रवेशाची धामधूम संपून पहिला तास होतो तो बहुधा व्याख्यांचा: ॲडम स्मिथने १७७६ साली संपत्तीस दिलेले प्राधान्य, मार्शलने १८९० साली मनुष्याच्या भौतिक कल्याणास दिलेले स्थान आणि रॉबिन्सने १९३२ साली दुर्मिळ साधने व त्यांचे पर्यायी उपयोग यांवर दिलेला भर, हा सारा क्रम वहीत उतरवून घेताना विद्यार्थ्याची अशी समजूत होऊन बसते की अर्थशास्त्र म्हणजे मृत पंडितांच्या मतांचे दप्तर होय. माझा सल्ला असा की हे पहिले प्रकरण पहिल्याने वाचूच नये. ते परीक्षेपूर्वी एक महिना वाचावे, कारण तोपर्यंत ज्या शास्त्राची ही व्याख्या आहे त्या शास्त्राशी थोडीबहुत ओळख झालेली असते आणि स्मिथ, मार्शल व रॉबिन्स हे परस्परांशी कशाबद्दल भांडत आहेत ते आपोआप ध्यानात येते.

आरंभ करावा तो घरात येणाऱ्या पट्टीपासून. बाजारात माल घातल्यावर अडत्याकडून जो हिशेबाचा कागद मिळतो, ज्यात मालाचे वजन, भाव, मोटारभाडे, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडणारी निव्वळ रक्कम मांडलेली असते, त्या कागदाइतके उत्तम पाठ्यपुस्तक मला अन्यत्र आढळलेले नाही. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी शेजाऱ्याची पट्टी मागून घ्यावी. कोणी नाही म्हणत नाही, उलट भावाविषयी मनात साठलेले सारे बोलून घेण्यास श्रोता मिळाला म्हणून चहाही मिळतो.

एक उदाहरण सावकाश पाहू. समजा, कडोलीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने कोबी केला आणि रोपे, खत, औषध, पाणी व भांगलण ह्या बाबींवर त्यास दर पोत्यामागे १८० रुपये खर्च आला. माल काढणीस आला तेव्हा काढणीची मजुरी, बारदान, मोटारभाडे आणि हमाली मिळून पोत्यामागे आणखी ९० रुपये लागणार आहेत. म्हणजे एकूण परिव्यय २७० रुपये. त्या दिवशी बेळगावच्या बाजारात भाव निघाला १४० रुपये पोते. त्याने माल काढावा की काढू नये? हा प्रश्न वर्गात विचारला तर निम्मी मुले तत्काळ सांगतात की २७० चा माल १४० ला विकणे हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि ह्याच ठिकाणी त्यांना थांबवून हिशेब मांडावयास लावले पाहिजे. माल काढला तर १४० येतात, ९० जातात, ५० उरतात. पूर्वी गेलेल्या १८० पैकी तेवढे परत मिळून तोटा १३० वर येतो. माल काढला नाही तर १८० चे १८० बुडाले. तेव्हा तोटा खाऊनही माल विकणे हाच शहाणपणा ठरतो. आता भाव ७० रुपयांवर उतरला असे धरा. माल बाजारात नेण्यासाठी ९० खर्चून ७० मिळवायचे, म्हणजे बुडालेल्या १८० वर आणखी २० ची भर घालायची. ह्या दिवशी तो शेतकरी कोबीच्या वावरात मेंढरे सोडतो. रस्त्याने जाणारा मनुष्य ते पाहून हळहळतो, वृत्तपत्रात छायाचित्र येते, परंतु त्या शेतकऱ्याने जो निर्णय घेतला तो पाठ्यपुस्तकातील ‘उत्पादन थांबविण्याचा बिंदू’ ह्या आकृतीत जसाच्या तसा काढून दाखविता येतो: किंमत सरासरी बदलत्या परिव्ययाच्या खाली गेली की उत्पादन थांबवावे, वर असेल तोवर चालू ठेवावे, आणि जो खर्च होऊन गेला तो ह्या विचारात मुळीच धरू नये.

एवढ्यावर न थांबता त्याच पट्टीस आणखी दोन प्रश्न विचारावेत. पहिला असा की लागवडीच्या आधी, रोपे आणण्यापूर्वी, हाच शेतकरी विचार करीत बसला असता तर त्याच्या दृष्टीने बुडालेला खर्च कोणता? कोणताच नाही, पुरे २७० रुपये त्या वेळी टाळता येण्याजोगे होते. अल्पकाल आणि दीर्घकाल हा भेद महिन्यांवर वा वर्षांवर अवलंबून नसून कोणता खर्च अद्याप आपल्या हाती आहे ह्यावर अवलंबून आहे, ही गोष्ट येथे जितकी स्वच्छ कळते तितकी व्याख्येवरून कळत नाही. दुसरा प्रश्न पट्टीत न लिहिलेल्या खर्चाचा. घरची दोन माणसे दिवसभर काढणीस राबली, त्यांची मजुरी कोणी मांडली नाही. ती त्याच दिवशी दुसऱ्याच्या शेतात गेली असती तर जे मिळाले असते तो त्यांच्या श्रमाचा संधी-खर्च होय, आणि तो धरला तर ९० चा आकडा वाढून मेंढरे सोडण्याचा दिवस आणखी अलीकडे येतो.

ह्या पद्धतीस थोर आधारही आहे. स्वतः उत्तम गणिती असलेल्या मार्शलने १९०६ साली संख्याशास्त्रज्ञ बाउली यास लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की गणिताचा उपयोग लघुलिपीसारखा करावा, काम झाल्यावर त्याचे साध्या भाषेत रूपांतर करावे, प्रत्यक्ष व्यवहारातील महत्त्वाची उदाहरणे जोडावीत आणि मग गणित जाळून टाकावे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने जाळण्याची घाई करू नये, कारण परीक्षकास आकृती लागते. परंतु प्रत्येक सिद्धान्त आधी चार मराठी वाक्यांत, मग आकृतीत, मग आकडे घालून समीकरणात, असा तीनदा मांडण्याची सवय लावून घ्यावी. ज्याचे चार वाक्यांत नीट होत नाही, त्याचे आकृतीतही झालेले नसते.

आकृत्यांत होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे मागणीवक्रावरून सरकणे आणि मागणीवक्र स्वतः सरकणे यांतील गोंधळ. तो निस्तरण्यासाठी आपल्या भागास गोव्याचा शेजार मोठा उपयोगी पडतो. गोव्यास लागणारा भाजीपाला फार मोठ्या प्रमाणावर बेळगावहून जातो. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड कोसळली किंवा अवजड वाहनांस बंदी झाली, की पणजी-म्हापशाकडे भाजी महागते आणि त्याच आठवड्यात बेळगावच्या बाजारात ती स्वस्त होते. घटना एकच, परंतु एका बाजारात भाव चढला आणि दुसऱ्यात उतरला. दोन आकृत्या शेजारी शेजारी काढा. गोव्याच्या आकृतीत पुरवठावक्र डावीकडे सरकला, आणि तेथील गृहिणी महागाईमुळे कमी भाजी घेऊ लागली तो मात्र जुन्याच मागणीवक्रावरचा प्रवास. बेळगावच्या आकृतीत मागणीवक्र डावीकडे सरकला, कारण गोव्याचा ग्राहक येईनासा झाला, आणि शेतकऱ्यांनी माल कमी आणला तो जुन्याच पुरवठावक्रावरचा प्रवास. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत राज्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा हेच दृश्य अधिक उग्र स्वरूपात सर्वांनी पाहिले. एवढी दोन चित्रे न पाहता काढता आली की निम्मे सूक्ष्म अर्थशास्त्र हाती आले असे समजण्यास प्रत्यवाय नाही. किंमत उभ्या अक्षावर आणि परिमाण आडव्या अक्षावर का, असा प्रश्न शास्त्र शाखेकडून आलेली मुले नेहमी विचारतात. गणिताच्या रीतीप्रमाणे ते उलट आहे खरे, परंतु मार्शलपासून चालत आलेला हा रिवाज आहे, आणि रिवाजाशी भांडण्यात प्रथम वर्ष घालवू नये.

पाठ्यपुस्तकात ह्यानंतर पूर्ण स्पर्धा येते: असंख्य विक्रेते, असंख्य ग्राहक, एकजिनसी वस्तू, सर्वांस बाजाराचे संपूर्ण ज्ञान. विद्यार्थी हे सारे घोकतो आणि मनात म्हणतो की असा बाजार कोठेच नाही. त्याचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरून सिद्धान्त टाकाऊ ठरत नाही; प्रत्यक्ष बाजार आदर्शापासून नेमका कोणत्या अटीवर घसरला हे शोधण्याचे ते माप आहे, आणि ते माप लावून पाहण्यास निपाणीचा तंबाखू बाजार घ्यावा. विक्रेते शेतकरी हजारो. खरेदीदार व्यापारी मोजके. तंबाखूची प्रत ठरविणार तो खरेदीदारच, हाताने चुरून आणि नाकाने हुंगून. म्हणजे वस्तू एकजिनसी नाही आणि ज्ञानही दोन्ही बाजूंस सारखे नाही. पीक वर्षातून एकदा हाती यायचे, दरम्यान व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असायची, त्यामुळे भाव पटला नाही म्हणून माल घरात ठेवून बसण्याची ताकद थोड्यांचीच. पुस्तकाच्या भाषेत हा अल्पक्रेताधिकार, विक्रेत्यांच्या बाजूस स्पर्धा आणि ग्राहकांच्या बाजूस तिचा अभाव. १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले ते ह्याच विषमतेविरुद्ध. ६ एप्रिलला पोलिसांनी ते आंदोलन मोडून काढले आणि गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या प्रसंगाचे राजकारण इतिहासाच्या तासास ठेवून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने असे विचारावे: खरेदीदार मोजके असता भाव वाढविण्याचे मार्ग कोणते? विक्रेत्यांनी संघटित होणे हा एक. उघड लिलाव हा दुसरा. मैसूरकडील व्हर्जिनिया तंबाखूस १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या तंबाखू मंडळाच्या देखरेखीखालील लिलावाचा आधार मिळाला, निपाणीकडील विडी-तंबाखूस तो मिळाला नाही. एकाच राज्यातील दोन तंबाखूंची ही तुलना करून एक टिपण लिहावे, म्हणजे बाजाराची ‘रचना’ ह्या शब्दाचा अर्थ कायमचा समजतो.

त्याच तंबाखूच्या दुसऱ्या टोकास वखारीतील स्त्रिया आणि घरोघर विड्या वळणाऱ्या बायका आहेत. वखारीतील कामगार स्त्रियांच्या संघटनेवर ‘युगांतर’ ह्या गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ नावाचा माहितीपट केला; श्रमाचा बाजार शिकण्यापूर्वी तो अवश्य पाहावा. महादेव मोरे यांचे कथासाहित्यही जवळ ठेवावे. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत ह्या लेखकाने कष्टकऱ्यांचे जे जग लिहून ठेवले आहे त्यात मजुरी, कर्ज आणि बेकारी ह्या प्रकरणांस पुरून उरेल इतके साहित्य आहे. विडीची मजुरी हजारावर ठरते आणि छाट म्हणून नाकारलेल्या विड्या त्यातून वजा होतात, म्हणजे काम बिघडण्याची जोखीम वळणारीने उचलायची. आता कराचा प्रश्न ह्याच जागी घ्या. २०२६ च्या फेब्रुवारीत विडीवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. हा फरक कोणाच्या पदरात पडला: ओढणाऱ्याच्या, कारखानदाराच्या, की वळणाऱ्या बाईच्या? कर कोणाकडून वसूल होतो ह्यावर त्याचा भार कोणावर पडतो हे ठरत नाही. जो पक्ष किंमत बदलली तरी आपले परिमाण फारसे बदलू शकत नाही त्याच्यावर तो अधिक पडतो, आणि कमी झाला तर लाभाचा मोठा वाटाही सामान्यतः त्याच्याकडेच जातो, असे सिद्धान्त सांगतो. मात्र तो सिद्धान्त स्पर्धा गृहीत धरून चालतो. खरेदीदार मोजके असले की काय होते, ह्याचे उत्तर तुम्ही मागच्या परिच्छेदातून काढावयाचे आहे. ज्यांच्या घरी विड्या वळल्या जातात त्यांनी आईस विचारूनच घ्यावे की मजुरीच्या दरात काही फरक पडला काय. ह्याहून प्रामाणिक आकडा कोणत्याही अहवालात नाही.

सीमेवर राहणाऱ्या विद्यार्थ्यास आणखी एक सवलत आहे, जिचे महत्त्व त्यास वाटत नाही. अर्थशास्त्रास प्रयोग करता येत नाहीत, अन्य सर्व परिस्थिती कायम ठेवून एकच बाब बदलणे मनुष्यसमाजात साधत नाही, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्याचा बेळगाव जिल्हा तेव्हाच्या मैसूर राज्यात गेल्यापासून निपाणी आणि कागल यांच्या दरम्यान हा प्रयोग दररोज चालू आहे. माती तीच, पीक तेच, नातीगोती तीच, आणि कर, किमान वेतन, वीज व उसाविषयीचे धोरण मात्र दोन. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने त्यावरील कर राज्ये आपापला ठरवितात; दरात तफावत पडली की कोगनोळीजवळ कोणत्या बाजूच्या पंपावर गाड्यांची रांग लागते ते पाहावे. ह्यावरून मागणीच्या लवचिकतेचा एक धडा मिळतो जो पुष्कळ पदवीधरांसही नीट येत नाही. पेट्रोल ह्या वस्तूची मागणी थोड्या काळात फारशी लवचिक नसते, कारण दर वाढला म्हणून कोणी कामावर जाणे सोडीत नाही. परंतु सीमेवरील एका विशिष्ट पंपाच्या पेट्रोलची मागणी अत्यंत लवचिक असते, कारण चार मैलांवर पर्याय आहे. लवचिकता वस्तूच्या अंगी नसते, ती पर्यायांच्या जवळिकीत असते. मक्तेदारीच्या प्रकरणास हुक्केरीकडे वळावे: १९६९ साली स्थापन झालेली तेथील ग्रामीण विद्युत सहकारी संस्था अद्याप तालुक्यास वीज वाटते, आणि विजेच्या तारांची दोन जाळी शेजारी शेजारी टाकणे कोणासच का परवडत नाही, म्हणजेच नैसर्गिक मक्तेदारी का उद्भवते, व तिची मालकी ग्राहकांच्या सहकारी संस्थेकडे असल्याने काय फरक पडतो, हे एका दुपारच्या भेटीत समजते.

भाषेची अडचण खरी आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. दहावीपर्यंत मराठी, पुढे इंग्रजी, बाजारात आणि कचेरीत कन्नड. निपाणीस खेटून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात गेले तर शिवाजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम, बेळगावात राहिले तर राणी चन्नम्मा विद्यापीठाचा. ह्यावर उपाय एक: तीन रकान्यांची वही. मागणी, डिमांड, बेडिके. पुरवठा, सप्लाय, पूरैके. अशा रीतीने वर्षभरात दीडशे शब्द झाले की पुरेत. शब्द कोठून मिळवायचे? महाराष्ट्र शासनाची ‘आर्थिक पाहणी’ दर वर्षी अर्थसंकल्पापूर्वी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही निघते व ती फुकट मिळते. दोन्ही प्रती समोर ठेवून एकच प्रकरण वाचले की परिभाषा, वाक्यरचना आणि चालू आकडे ही तिन्ही एका बैठकीत पदरी पडतात. कर्नाटकाचे आर्थिक सर्वेक्षण कन्नड व इंग्रजीत निघते. दोन्ही राज्यांचे दरडोई उत्पन्न किंवा सिंचन ताडून पाहताना मात्र वर्ष एकच आहे काय, किमती चालू की स्थिर, आणि आकडा प्राथमिक अंदाजाचा की सुधारित, एवढे तपासल्याखेरीज तुलना करू नये. वादविवाद स्पर्धांतून फेकले जाणारे निम्मे आकडे ह्या तीन चाळण्यांतून खाली उतरत नाहीत. मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ हे त्रैमासिक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात येत नसेल तर मागवावयास सांगावे.

राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण बहुतेकांस रुक्ष वाटते, आणि ते तसे आहेही. त्यातला जीव पाहावयाचा तर दहा घरांची पाहणी करावी. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. आज तेथे इमारती उभ्या आहेत, पण घरोघर जाऊन जमीन, कर्ज आणि उत्पन्न टिपून घेण्याची ती रीत जुनी झालेली नाही. दहा घरांत गेल्यावर कळते की हजार विड्यांची मजुरी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते आणि त्याच बाईचा स्वयंपाक धरला जात नाही. मग व्याख्येतील प्रत्येक शब्द कोणास आत घेतो आणि कोणास बाहेर ठेवतो ह्याविषयी कुतूहल वाटू लागते. उत्पादनफलन शिकून झाल्यावर बाबासाहेब आंबेडकरांचा १९१८ सालचा लहान धारणक्षेत्रांवरील निबंध वाचावा. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यास जोडलेल्या अन्य साधनांच्या प्रमाणावर ठरते, हा त्यातील युक्तिवाद वाटण्यांनी तुकडे झालेल्या आपल्याकडील सात-बारांस आजही लावून पाहता येतो.

परीक्षेविषयी थोडके. गाईड वापरू नये असे मी म्हणत नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. पण ते प्रश्नांसाठी वापरावे, उत्तरांसाठी नव्हे. आकृतीस अक्षांची नावे नसतील तर गुण जातात. उत्तरात एक स्थानिक उदाहरण घातले की शंभर सारख्या उत्तरपत्रिका तपासून कंटाळलेला परीक्षक क्षणभर थांबतो, एवढा मनुष्यस्वभाव गृहीत धरावयास हरकत नाही.

ज्यांचा विचार पुढे एम. ए. करण्याचा आहे, विशेषतः १९३० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणी, त्यांनी गणित आणि संख्याशास्त्र पदवीच्या पहिल्याच वर्षापासून हाताखालून घालावे. टक्केवारी, गुणोत्तर, आलेखाचा चढ आणि साधे अवकलन एवढ्यावर प्रथम वर्ष निभते, तिसऱ्या वर्षी निभत नाही, आणि प्रवेशपरीक्षेच्या आधीच्या उन्हाळ्यात ते सारे नव्याने शिकणे फार जड जाते.